डवरणी आणि कोळपणी

पांढरकवड्याला मी सातवीच्या वर्गाला मराठी शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. शेतकऱ्याच्या दिवसावरच्या निबंधात एका मुलाने ‘बाबा डवरणीला गेले’ असे लिहिले होते. मी ‘डवरणी’खाली तांबडी रेघ ओढली आणि वर ‘कोळपणी’ लिहून दिले. वही परत घेताना त्याने विचारले, “सर, कोळपणी म्हंजे काय जी?” मी म्हणालो, “डवरणीच.” तो गप्प बसला. मीही.

रेघ माझ्या हातची, पण तिचा उगम शोधायचा तर बरेच मागे जावे लागते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ६० हजारांवर गेली. मुंबई सरकारच्या आश्रयाने आणि शास्त्रीमंडळींच्या मदतीने झालेले हे काम मोठेच आहे, आजही माझ्या टेबलावर तो कोश असतो. पण त्याची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा वऱ्हाड निजामाच्या मुलखात होते. ते इंग्रजांकडे आले १८५३ साली. कोशाच्या कामात मोल्सवर्थला साथ देणारे मेजर टॉमस कँडी पुढे मराठी शालेय पुस्तकांच्या भाषेवर देखरेख करू लागले. शब्द गोळा करणारा आणि मुलांच्या पुस्तकातला शब्द तपासणारा हात असा एकच झाला, आणि तो पुण्या-मुंबईकडचा होता. शाळेतली ‘शुद्ध’ मराठी त्या बाजूने येते हा आपला समज तेव्हापासूनचा असावा, असे माझे मत आहे.

मधल्या काळात आमचा जिल्हा बराच फिरला. वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, तो १९०५ साली यवतमाळ झाला. मध्य प्रदेशातून १९५६ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६०ला महाराष्ट्रात. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली आणि केळापूर तालुक्यातल्या पोराच्या हातात कोल्हापूरच्या पोराचेच पुस्तक आले. ही सोय लहान नव्हती. पण धड्याखालचे शब्दार्थ कोणासाठी निवडायचे, हा प्रश्न तिथेच उभा राहिला. ‘बांध’ शब्द आमच्या मुलाला अडतो, कारण त्याच्या घरी तो धुरा असतो. कुळव म्हणजे वखर, पाभर म्हणजे तिफण, कपाशी म्हणजे पऱ्हाटी. उलट ‘वावर’ त्याला पाठ आहे, पण निबंधात तो भीत भीत ‘शेत’ लिहितो.

दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग काढले. त्यात शब्दापुढे (व.) म्हणजे वऱ्हाडी, (ना.) म्हणजे नागपुरी अशा खुणा आहेत. ही मोठी दुरुस्ती होती: शब्द कुठला ते सांगायचे, चूक म्हणायचे नाही. माझी तांबडी पेन्सिल त्या कोशाइतकी शहाणी नव्हती.

त्या वर्षी मी फळ्यावर आठवड्याला दहा शब्द लिहून द्यायचो. सुट्या वजा जाता वर्षाचे साडेतीनशे होतात. पुढे नॅगी आणि अँडरसन या अमेरिकन अभ्यासकांचा १९८४चा निबंध वाचनात आला. तिसरी ते नववीच्या छापील इंग्रजीत सुमारे ८८,५०० शब्दकुळे आहेत, असा त्यांचा अंदाज. मराठीचा आकडा वेगळा निघेल, पण दहा-दहाच्या यादीने ही वाट सरत नाही हे उघड आहे. मुलाला शब्दाचे कूळ ओळखता आले पाहिजे. आणि ते तर त्याला घरूनच येत होते! वखर, वखरणे, वखरणी. नांगर, नांगरणे, नांगरणी. डवरा, डवरणे, डवरणी. औजारावरून क्रियापद आणि क्रियापदावरून कामाचे नाव, ही रीत त्याला कोणी शिकवलेली नव्हती. तिथून मांडणी, आखणी, चाचणी, पडताळणी या पुस्तकी शब्दांपर्यंत एका तासात जाता येते. मी गेलो, पण चार वर्षांनी.

पोडावरून येणाऱ्या कोलाम मुलांचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. त्यांना वखर माहीत असतो, तरी घरची कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, मराठीची बोली नव्हे. गोंड मुलांचेही तेच: घरी पाणी म्हणजे येर, घर म्हणजे रोन, गाव म्हणजे नार. शाळा मात्र सगळ्यांची मातृभाषा मराठी धरूनच सुरू होते. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात १९०६ सालीच कोलामीची नोंद झाली. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने वर्ध्याकडची कोलामी टिपली आणि तिच्यावर १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे ग्रंथ काढला. शब्द अमेरिकेपर्यंत पोचले होते, आमच्या वर्गातल्या वहीत मात्र नव्हते.

पुढे मी वहीला तीन रकाने पाडायला लावले: पुस्तकातला शब्द, वऱ्हाडी शब्द आणि घरचा शब्द. पहिले दोन मी तपासू शकत होतो. तिसऱ्यासाठी मला मागच्या बाकावर जाऊन बसावे लागे, आणि ती मुले माझे उच्चार दुरुस्त करीत.