सरवा, सीला आणि सांडलेला दाणा

भिलाईचे सिविक सेंटर हे पोलाद वसाहतीचे नागरी केंद्र. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. ज्या दुर्ग जिल्ह्यात हा कारखाना उभा राहिला, तो प्रदेश मात्र धानाचा. अठराव्या शतकातील भोसले राजवटीपासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो बव्हंशी नागपूरशी बांधलेला होता. त्यामुळे येथील धानकापणीचा शब्दसंसार मराठी आणि छत्तीसगढी यांच्या शेजारातच तपासावा लागतो.

कापणीनंतर शेतात राहिलेल्या लोंब्या गोळा करणे म्हणजे मराठीत 'सरवा वेचणे', छत्तीसगढीत 'सीला बिनना'. 'सीला' हा शब्द संस्कृत 'शिल'कडे नेतो. परंपरेने येथे सूक्ष्म भेद केला आहे : कणसे वेचणे ते 'शिल', एकेक दाणा टिपणे तो 'उञ्छ'. मनुस्मृतीने (४.५) या उपजीविकेस 'ऋत' म्हटले. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील अर्धसुवर्ण मुंगूस युधिष्ठिराच्या यज्ञाला उंछवृत्तीच्या ब्राह्मणाच्या मूठभर सातूपेक्षा हीन ठरवतो. बायबलमधील लेवीय ग्रंथ सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडण्यास सांगतो. रूथची कथा त्याच हक्कावर उभी आहे. दोन्ही परंपरांत सांडलेले धान्य हे नुकसान नसून कोणाचा तरी वाटा आहे.

हार्वेस्टर यंत्राने कापणी, मळणी आणि उफणणी एकाच फेरीत आणली. त्याबरोबर सांडलेल्या दाण्याला 'घट' हे नवे नाव मिळाले. ही घट कोठे होते, हे निश्चित सांगता येते. पीक फार वाळले अथवा लोळले, तर पात्याजवळच दाणे झडतात. मळणीच्या ढोलाची फट रुंद राहिली, तर दाणे लोंबीलाच चिकटून राहतात. पंख्याचा झोत प्रबळ झाला, तर दाणे भुशाबरोबर उडतात. उपायही त्यातूनच निघतात : दाण्यात सुमारे २० ते २४ टक्के ओलावा असताना कापणी, यंत्राची मंद चाल, ढोलाच्या वेगाची व फटीची जुळवणी आणि झोतावर नियंत्रण. तपासणी साधी असते : यंत्र गेल्यावर जमिनीवर एक चौरस मीटरची चौकट ठेवून दाणे मोजायचे. हजार दाण्यांचे वजन २५ ग्रॅम धरल्यास चौकटीतील ४० दाणे म्हणजे हेक्टरी १० किलो.

हे मोजमाप शेतकऱ्याच्या हिताचे आहे. त्याने वर्षभराचे कष्ट वाचतात. मग त्यामुळे वेचणारीचा वाटा हिरावला जातो काय? येथे जुना भेद उपयोगी पडतो. विळ्याच्या कापणीत मागे राहते ती अखंड लोंबी. ती दिसते, हाती येते. यंत्रामागे उरतात ते बव्हंशी सुटे दाणे, भुशात व तणसात मिसळलेले. म्हणजे यंत्राने 'शिल' संपवून केवळ 'उञ्छ' शिल्लक ठेवला, आणि तोही वेचण्याजोगा नाही. घट कमी केल्याने वेचणारीचे काही जात नाही. तिचे गेले ते सांडण्याचे रूप पालटले तेव्हाच.

पौष पौर्णिमेला छत्तीसगढमध्ये 'छेरछेरा' साजरा होतो; मुले घरोघरी धान मागतात. हा वाटा शेतातून नव्हे, कोठीतून निघतो. म्हणून यंत्र येऊनही तो टिकला. सरव्याला मात्र कोठीचा असा आधार कधीच नव्हता.