लाल काठ्यांचे झुडूप

उत्तर अमेरिकेच्या ओलसर नदीकाठांवर, जेथे हिमकाळात सर्व वृक्षराजी निष्पर्ण होऊन भूमी श्वेतवर्ण होते, तेथे रक्तासारख्या तांबड्या काठ्यांनी उठून दिसणारे रेड ट्विग डॉगवूड हे झुडूप उद्यानांत मिरवू लागण्याच्या कितीतरी आधीपासून त्या मुलखातील आदिवासी जमातींच्या नित्य व्यवहारात होते. वरची लाल साल सुरीने खरवडून, आतील हिरवट साल पट्ट्यापट्ट्यांनी सोलून ती विस्तवाच्या धगीवर वाळवीत आणि चुरून तंबाखूत मिसळीत. लवचीक फांद्या टोपल्या विणण्यास उपयोगी पडत. पुढे लिनियसने १७७१ साली ह्या वनस्पतीस कॉर्नस सेरिसिया असे शास्त्रीय नामाभिधान दिले. परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते सालीचे गुण आधीच जाणणारे, कोणत्याही दफ्तरी नोंद नसलेले ज्ञान.

युरोपातील उद्यानांत ही झुडपे आणि त्यांची सायबेरियाकडील भावंडे रुजली ती मुख्यतः हिवाळी शोभेसाठी. बर्लिनच्या श्पेथ रोपवाटिकेचे नाव तर एका सोनेरी कडांच्या पानांच्या वाणास कायमचे चिकटले. रंगाची खरी झळाळी कोवळ्या फांद्यांतच असते, जुने लाकूड करडे पडते. म्हणून वसंतारंभी, कळ्या फुटण्यापूर्वी, जुन्या फांद्या जमिनीलगत छाटण्याची वहिवाट माळ्यांनी पाडली. घरगुती बागेत मात्र दरसाल सुमारे एक तृतीयांश फांद्याच काढाव्यात, म्हणजे झुडपाचा जोम टिकतो आणि उरलेल्या फांद्यांवर पांढरी फुले व पक्ष्यांना प्रिय असलेली फिकट फळेही धरतात.