मोहाचे मडके

काना गावच्या लग्नाचा प्रसंग सांगताना योहान भांड्यांचा हिशेबही देतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. रांजण सहा होते, दगडी होते, आणि प्रत्येकात किती पाणी मावेल तेही तो नोंदवून ठेवतो. दगडच का, तर यहुदी समजुतीप्रमाणे मातीचे भांडे विटाळते, दगडाचे विटाळत नाही. म्हणजे त्या घरानेही भांडे विचारपूर्वकच निवडले होते. मद्याचा इतिहास बव्हंशी भांड्यांचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते ते यासाठीच.

हा इतिहास आपल्या राज्यात पाहायचा तर चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्याकडे वळावे. आज हा भाग चुनखडीच्या खाणींसाठी व सिमेंटच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. परंतु माणिकगडच्या डोंगरपट्ट्यातील गोंड आणि कोलाम यांचे वर्ष अजूनही मोहाच्या फुलाशी बांधलेले आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. बायका-मुले तो वेचून वाळवतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो.

परदेशांत घरी पहिल्यांदा बिअर करू पाहणाऱ्या नवशिक्याला थोडीच साधने घ्यायला सांगतात: मोठे पातेले, घट्ट झाकणाचे पिंप, आतला वायू बाहेर सोडून बाहेरची हवा अडवणारी पाण्याची नळी, तापमापक, साखरेचे प्रमाण दाखवणारे मापक आणि स्वच्छ बाटल्या. कोरपन्याच्या रानात यांतील एकही वस्तू विकत घ्यावी लागत नसे. फुले भिजत घालायला मडके, तोंडाला फडके. ऋतूप्रमाणे काही दिवसांत फेस येऊन ओसरला की आंबणे संपले, हेच मापक. मात्र बिअर आंबवून थांबते. मोहाला पुढे चूल लागते. आंबवण चुलीवर चढवायचे, आत लहान मडके ठेवायचे, वर थंड पाण्याचे भांडे झाकण म्हणून बसवायचे आणि सांधे चिखलाने लिंपायचे. वाफ वरच्या भांड्याच्या बुडाशी निवते आणि लहान मडक्यात ठिबकते. वरचे पाणी तापले की बदलावे लागते. म्हणून भट्टी नेहमी नाल्याकाठी. आणि म्हणूनच अबकारी शिपायालाही ती शोधायला फार फिरावे लागत नसे!

या साधनांत सर्वांत महत्त्वाची वस्तू डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे स्वच्छता. १८७६ मध्ये लुई पाश्चर यांनी बिअरवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, पेय नासते ते बाहेरून शिरणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. युरोपातील मठवासी हे शास्त्र जाणत नव्हते, पण भांडी घासणे जाणत होते. सुमारे ८२० साली काढलेल्या सेंट गॉलच्या मठाच्या प्रसिद्ध आराखड्यात बिअर गाळण्याच्या तीन जागा दाखवल्या आहेत: मठवासीयांसाठी, प्रतिष्ठित पाहुण्यांसाठी आणि गरीब यात्रेकरूंसाठी. रोमन विधिग्रंथात तर बिअरला आशीर्वाद देण्याची प्रार्थनाही आहे. चांद्याच्या मिशनमध्ये १९६२ पासून काम करणाऱ्या सीएमआय धर्मगुरूंनी वेदीवर नेला तो अर्थात द्राक्षारसच. ख्रिस्तसभेचा नियम दुसरे काही चालू देत नाही.

गोंडांच्या घरी मात्र जन्म, लग्न, मरण आणि देवकार्य यांत मोहाच्या चार थेंबांचा मान होता. सरकारला त्यात महसूल दिसला. कोरपन्याचा हा मुलूख राजुऱ्यासह निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि हैदराबाद संस्थानात अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. घरची भट्टी गुन्हा ठरली, मक्तेदाराचे दुकान कायदेशीर ठरले. १९५६ मध्ये हा भाग नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला.

वसईकर वाचकांना ही कथा परकी वाटू नये. इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी-माडीच्या झाडांवर करांचा बोजा वाढवला, आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करणे व बाळगणे यांवरच निर्बंध आणले. ज्या ताडीने आपल्या आज्या फुग्यांचे पीठ फुगवीत, तिचा हिशेब साहेबाच्या वहीत गेला.

तथापि मडक्याचे कौतुक करताना त्या घरातील स्त्रीला विसरून चालणार नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून ती लागू झाली, ती मुख्यतः स्त्रियांच्या दीर्घ लढ्यामुळे. २०२१ मध्ये शासनाने ती उठवली. त्या स्त्रियांचा रोष देवकार्याच्या मडक्यावर नव्हता. मजुरीचे पैसे घरी पोहोचू न देणाऱ्या धंद्यावर होता. या धंद्याने भांडीही बदलली: मातीच्या जागी पत्र्याचे पिंप, फुलांच्या जागी काळा गूळ आणि नवसागर. मुंबईत मालवणी येथे २०१५ साली शंभरावर माणसे विषारी दारूने दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते, कारखान्यांत वापरले जाणारे रसायन. आमच्या मते दारूबंदीचे समर्थक आणि विरोधक दोघेही या दोन भांड्यांत पुरेसा फरक करीत नाहीत.

परवान्याशिवाय घरी मद्य गाळणे महाराष्ट्रात आजही गुन्हा आहे. वाळलेली फुले बहुधा आठवडी बाजारातील व्यापाऱ्याकडे जातात, काही घरी राहतात. ती भाजून, तिळाबरोबर कुटून त्यांचे लाडू वळतात, आणि त्यासाठी एक लोखंडी तवा व उखळ पुरते.