रोग गेल्यानंतरचा उपचार

वऱ्हाडचा इतिहास सांगताना आपण गाविलगड सांगतो. १८०३ साली तो इंग्रजांच्या हाती गेला, हे मुलांकडून पाठ करून घेतो. त्याच डोंगराखालच्या सपाटीवर, अमरावतीजवळ, १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन ही महारोग्यांची वसाहत वसविली. ही घटनाही इतिहासच होय, आणि तिचा आपल्या धारणीशी संबंध आहे.

त्या काळी महारोग जडला की माणूस घरातून, शेतातून आणि पंक्तीतून उठत असे. पुढे सल्फोन जातीची औषधे आली, रोग आटोक्यात येऊ लागला. परंतु या रोगाचे जंतू कोपराजवळच्या मज्जातंतूला इजा करतात. करंगळी व अनामिका आत वळतात, हात बधिर होतो. चुलीवरचे तापलेले भांडे धरले तरी चटका कळत नाही, जखम चिघळते. औषधाने जंतू मरतात, पण वळलेली बोटे बहुधा तशीच राहतात. म्हणजे दवाखान्याच्या दप्तरी रोगी बरा, आणि घरी त्याला भाकरीचा तुकडा मोडता येत नाही!

तपोवनाने या प्रश्नाला कामाने उत्तर दिले. शेती, विणकाम, सुतारकाम यांतून रोगी पुन्हा हात चालवू लागला, आणि भिक्षेऐवजी श्रमाचे खाऊ लागला. १९५९ साली शासनाने डॉ. पटवर्धनांना पद्मश्री दिली.

याच प्रश्नाचा विचार त्या वर्षांत अन्यत्रही चालला होता. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून निकामी स्नायूंचे काम चांगल्या स्नायूंवर सोपविणाऱ्या शस्त्रक्रिया केल्या. मात्र टाके निघाल्यावर त्या हाताला नवी चाल शिकवावी लागे. हे शिकविणारी माणसे कोठून आणावयाची? मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली श्रीमती कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, शाळा काढली. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने निंबकर झालेल्या या बाईंची ही शाळा आशियातील पहिली. १९५२ साली या विद्येचा जागतिक संघ निघाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. पुढे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण सुरू झाले.

या विद्येची पहिली चौकशी अशी: या माणसाला घरी काय काय करावे लागते? बटण लावणे, वेणी घालणे, न्हाणे, जेवणे. जे जमत नाही त्याचा सराव, आणि सरावाने न जमल्यास साधनात बदल. पळीच्या दांड्याला चिंधी गुंडाळून मूठ जाड केली, तर दुबळ्या पकडीतही ती राहते. यात खर्च तो किती?

आज महारोग बहुविध औषधांनी बरा होतो. पण पक्षाघात झालेला, हाड मोडलेला माणूस धारणीहून सेमाडोह, परतवाडा असा घाट उतरून अमरावतीला जातो, आणि जीव वाचवून परततो. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर तो चालला असेल. येथे ठेंगणे दार आहे, उंच उंबरठा आहे, उकिडवे बसणे आहे, पाण्याची घागर आहे. ते अंगण पाहिल्याखेरीज त्याला काय शिकवावे हे कसे ठरणार? म्हणून शिकलेला उपचारक घाट चढून दारापर्यंत आला पाहिजे, आणि त्याने दाखविलेला सराव घरच्यांनी रोज करून घेतला पाहिजे. प्रेमापोटी आपण रोग्याला घास भरवतो. थोडे सांडले तरी चालेल. तो त्याला स्वतः घेऊ द्यावा.