गिरगांवच्या विहिरी आणि हिंवताप

ठाकूरद्वाराच्या नाक्यावर उभें राहून आसपासच्या गल्ल्यांचीं नांवें नुसतीं वाचलीं, तरी एका नाहींशा झालेल्या बागाइताचा नकाशा डोळ्यांपुढें उभा राहतो. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, चंदनवाडी, मुगभाट! हीं नांवें पडलीं त्या काळीं वाडी म्हणजे खरोखरीची वाडीच होती. आणि जेथें वाडी तेथें विहीर, हें सांगावयास नको. पुढें झाडें तुटलीं, चाळी उठल्या. विहीर मात्र जागच्या जागीं राहिली. सन १८६० मध्यें विहार तलावाचें पाणी मुंबईस मिळूं लागलें, १८९२ मध्यें तानसा तलावाचें आलें. तरी विहिरीचा मान गेला नाहीं. नळाच्या तोटींत कातड्याची चकती असते, म्हणून सोंवळें पाळणारीं माणसें देवपूजेस विहिरीचेंच पाणी घेत. याच विहिरी पुढें एका मोठ्या वादाचा विषय झाल्या, आणि त्या वादाचें मूळ डोळ्यांस न दिसणाऱ्या एका जीवांत होतें.

हिंवताप आपल्या देशास नवा नव्हे. एक दिवसाआड भरणारी ती हुडहुडी आणि मागाहून येणारा ताप घरोघरीं ठाऊक होता. दोष दिला जाई तो हवापाण्यास. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘दूषित हवा’ असाच आहे. सन १८८० मध्यें लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरानें अल्जीरियांत रोग्याच्या रक्तांत हा जंतु प्रथम पाहिला. तो रक्तांतील तांबड्या पेशींत शिरून वाढतो. त्या पेशी एकदम फुटल्या कीं थंडी वाजून ताप चढतो. परंतु एका माणसाच्या रक्तांतून तो दुसऱ्याच्या रक्तांत जातो कसा, हें कोडें आणखी सतरा वर्षें सुटलें नाहीं. अल्मोड्यास जन्मलेले डॉ. रोनाल्ड रॉस यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस डांसाच्या जठराच्या भिंतींत त्याची वाढ पाहिली. दुसऱ्या वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिंवतापावर प्रयोग करून त्यांनीं जंतूची वाट शेवटपर्यंत दाखविली: डांसाच्या लाळेंतून तो पुन्हां रक्तांत उतरतो.

मात्र हें काम वाटेल त्या डांसाचें नव्हे. ॲनॉफिलीस कुळांतील मादीचें आहे. या कुळांतील ‘स्टीफेन्सी’ या जातीचें वर्णन डॉ. ग्लेन लिस्टन यांनीं १९०१ मध्यें प्रसिद्ध केलें. मुंबईच्या हिंवतापाचा शोध करण्याचें काम पुढें डॉ. चार्ल्स बेंटली यांजकडे आलें, आणि १९११ मध्यें त्यांचा अहवाल निघाला. शहरांतील रोगाचें वाहन हीच जात असून तिची पैदास घरच्या विहिरींत आणि टाक्यांत होते, असा त्याचा इत्यर्थ होता. लोकांस हें चमत्कारिक वाटलें तर नवल नाहीं. घाणीनें रोग होतो हें कोणासही पटतें. पण जें निर्मळ पाणी देवाच्या अभिषेकास चालतें, तेंच रोगाचें माहेर, हें पटावें कसें?

म्युनिसिपालिटीचा आग्रह असा, कीं विहिरी बुजवाव्या, नाहींतर त्यांचीं तोंडें घट्ट झांकून वर पंप बसवावे. यावर हिंदूंप्रमाणेंच पारशी मंडळींकडूनही हरकती आल्या. ज्या पाण्यास सूर्यकिरणांचा स्पर्श नाहीं तें धर्मकृत्यास चालत नाहीं, असें कोणी म्हणे. विहिरींत वास करणाऱ्या देवतेस कोंडलें तर घरावर अरिष्ट येईल, अशी दुसऱ्यास धास्ती. म्युनिसिपालिटीचे तेव्हांचे चिटणीस रुस्तुम पेस्तनजी मसानी यांनीं या समजुती हसण्यावारी नेल्या नाहींत. पूर्वेकडील व पश्चिमेकडील जलपूजेच्या चालींशीं त्या ताडून त्यांनीं १९१८ मध्यें विहिरींच्या लोककथांवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. तोडही निघाली. झांकणांत बारीक तारेच्या जाळीचें दार ठेवावें. सूर्यप्रकाश पाण्यास लागावा, पोहरा आंत जावा, डांस मात्र जाऊं नये!

युक्ति चांगली होती. परंतु जाळीचें दार दर खेपेस कोणीतरी लावावें लागतें. मुंबईच्या उष्ण हवेंत अंड्यापासून पंख फुटलेला डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. एका बिऱ्हाडाच्या निष्काळजीपणानें सगळ्या वाडीचा बंदोबस्त फुकट जातो. सन १९२८ मध्यें डॉ. गॉर्डन कॉव्हेल यांनीं मुंबईची पुन्हां पाहणी केली, तेव्हांही दोषी ठरली ती हीच जात, आणि तिचीं ठिकाणेंही बहुतेक तींच. जंतु सांपडला, त्याचें वाहन सांपडलें, वाहनाचें घर सांपडलें. तरी रोग हटला नाहीं. प्रयोगशाळेंतील ज्ञान वाडींतल्या प्रत्येक बिऱ्हाडास आपलें वाटेपर्यंत तें अपुरेंच राहतें.

पुढें गिरगांवांतील कित्येक विहिरी बुजल्या, कित्येक झांकल्या गेल्या. डांसानें मात्र पाण्याची संगत सोडली नाहीं. विहिरींतलें पाणी गच्चीवरच्या टाकींत चढलें, तसा तोही मजले चढून वर गेला. इमारतींच्या बांधकामांवर सांठलेलें पाणीही त्यास मानवलें. सन २०१२ मध्यें ही मुंबईकरांच्या ओळखीची जात आफ्रिकेंत जिबूती येथें प्रथम आढळली, आणि शहरांच्या पाण्यांत वाढणारा हा डांस तेथील तज्ज्ञांस नवी काळजी होऊन बसला आहे. इकडे मुंबईंत विहिरींतून डांसांचीं पिलें खाणारे गप्पी मासे सोडले जातात, आणि गच्चीवरच्या टाक्यांचीं झांकणें तपासलीं जातात. विहिरीवरचें जाळीचें दार गेलें, टाकीचें झांकण आलें. पण तें रोज न चुकतां लावण्याचें काम अजूनही घरच्याच माणसाकडे आहे.