हलकंफुलकं म्हणजे सोपं नव्हे!

मंडळी, ‘हलकाफुलका सिनेमा’ हे शब्द आपण जरा नाक मुरडूनच वापरतो, नाही का? ज्यात कुणी मरत नाही, कुणी समाज सुधारत नाही, नायक-नायिका भांडतात, गातात, नाचतात आणि शेवटी एक होतात... असला सिनेमा आवडतो हे सांगताना भलेभले ओशाळतात. मला हॉलिवूडच्या जुन्या स्टुडिओंचे हे नाचगाण्याचे विनोदी चित्रपट मनापासून आवडतात, आणि सत्तरी ओलांडल्यावर आता ओशाळायचं कुणापुढे? पण या आवडीमागे आपल्या मुंबईचा एक इतिहास आहे. तो आज सांगतो.

१९३८ साली धोबीतलावाच्या नाक्यावर ‘मेट्रो’ चित्रपटगृह उघडलं. ते बांधलं होतं खुद्द हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने. त्या काळी मोठ्या स्टुडिओंचा कारभार असाच असे. नट-नट्या पगारी, लेखक-संगीतकार पगारी, चित्रपट आपणच काढायचा, आपणच वाटायचा आणि जमेल तिथे आपल्याच थिएटरात दाखवायचा. मेट्रोचा पहिला चित्रपट होता ‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३८’. त्यातला एलिनॉर पॉवेलचा टॅप डान्स बघा. बुटांच्या टाचांनी जणू तबला वाजतोय!

गंमत अशी की या आलिशान थिएटराच्या समोरच जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्यात गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ आहेत. कूड म्हणजे गावाने आपल्या माणसांसाठी मुंबईत चालवलेली राहायची जागा. एक खाट, एक पेटी, संध्याकाळची प्रार्थना. पोटासाठी मुंबईत आलेले खलाशी, आचारी आणि वादक अशा कूडांत उतरत. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत असत. त्यामुळे समोर कागद ठेवला की ही मंडळी तो वाचून थेट वाजवू शकत. आपल्याकडच्या उत्तम उस्तादांना त्या कागदाची कधी गरजच पडली नव्हती, कारण आपली विद्या कानातून कानात जाणारी.

या वादकांपैकी एक आंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. लोक त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणत. हातात ट्रम्पेट, आदर्श लुई आर्मस्ट्राँग. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजे. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री ओसरू लागल्या आणि अनेक वादकांना चित्रपटांच्या रेकॉर्डिंगचाच मोठा आधार उरला.

तिथे त्यांना भेटले आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. १९४७ च्या ‘शहनाई’पासूनच त्यांनी विलायती ठेका हिंदी गाण्यात असा मुरवला होता की तो परका वाटेना. आणि मग १९५१ साली आला ‘अलबेला’!

‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक मास्टर भगवान, अर्थात भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा. स्वतः मजुरी केलेली, आणि स्वस्तातले मारधाडीचे चित्रपट काढून वर आलेले. ते चित्रपट कामगार वस्तीतला प्रेक्षक डोक्यावर घेई. देखणेपणाच्या नावाने तसा आनंदच! ठेंगणे, गुटगुटीत. पण ‘अलबेला’तला गरीब घरचा पोरगा नाटकवेडा आहे. बहिणीच्या लग्नाला पैसे नाहीत, घरातून बोलणी खातो आणि शेवटी रंगभूमीवर नाव काढतो. ही गोष्ट ऐकून तुम्हाला काही आठवलं का? अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३३ साली, ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ने हीच गोष्ट सांगितली होती. पडद्यामागची धडपड, खिशात दमडी नाही आणि शेवटी झगमगता रंगमंच. फरक एवढाच की आपल्याकडे त्यात आई-बाप आणि बहीण आली. घराला सोडून सुखान्त आपल्याला पचत नाही!

नाचातही असाच फरक पडला. फ्रेड अस्टेअरचा नाच बघून वाटतं, हे आपल्याला सात जन्मांत जमणार नाही. भगवानदादांचा नाच बघून वाटतं, हे तर मलाही येईल. हात थोडे हलवायचे, खांदे उडवायचे, पाऊल ठेक्यावर टाकायचं. म्हणून तर तो पडद्यावरून उतरून थेट वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत शिरला. आमच्या पाली-उत्तनच्या बाजूला लग्नात बँड सुरू झाला की सत्तरीचे आजोबासुद्धा त्याच चालीने पुढे सरकतात. कुणी शिकवलं त्यांना?

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. या चित्रपटांची एक रीत असते : कष्ट दिसता कामा नयेत. १९५२ च्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये जीन केली पावसात मस्त भिजत नाचतो, तेव्हा त्याच्या अंगात सणसणून ताप होता. त्या चित्रपटाचं कथानक काय, तर एका नटीला दुसरीच मुलगी पडद्याआडून आवाज देते आणि शेवटी पडदा उघडून त्या मुलीचं नाव जगाला कळतं. आपण टाळ्या वाजवतो. आता गंमत बघा. ती आवाज देणारी मुलगी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सलाच काही गाण्यांत बेटी नॉइस नावाच्या गायिकेने आवाज दिला होता, आणि तिचं नाव त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही! न्यायाची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटातच न्याय राहून गेला.

आपल्याकडे निराळं काय होतं? १९४९ च्या ‘महल’च्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, पात्राचं ‘कामिनी’ हे नाव होतं. पुढे गायकांची नावं येऊ लागली, पण वादकांची? संगीतकार चाल द्यायचा आणि ती पन्नास वाद्यांत वाटून कागदावर उतरवायचं काम बहुधा एखादा गोवेकर अरेंजर करायचा. ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात, हे भाग्य. बाकीचे शेकडो वादक गाणं वाजवून लोकल पकडून घरी गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे गुरू. त्यांचं नाव घराघरांत पोचलं ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’तल्या विनोदी गाण्यातून. शिष्याने गुरूला दिलेली ही दक्षिणा, पण ती ऐकताना हा खरा माणूस आहे हे कितींना ठाऊक होतं?

आणि भगवानदादा? ‘अलबेला’ने त्यांना बंगला दिला, मोटारी दिल्या, चेंबूरचा जागृती स्टुडिओ त्यांचा होता. पुढचे चित्रपट पडले आणि सगळं गेलं. उतारवयात गर्दीतल्या दोन मिनिटांच्या भूमिका करत ते दादरच्या चाळीत राहिले आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी तिथेच वारले. त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला, तोही २०१६ साली.

लोकांना हसवणाऱ्याचा हिशेब कुणी नीट ठेवत नाही. दुःखाचे चित्रपट करणाऱ्याला आपण थोर म्हणतो, हसवणाऱ्याला ‘मजेशीर’ म्हणून सोडून देतो. पण दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला अडीच तास हलकं वाटायला लावणं हे काय हलकं काम आहे? माझ्या मते ते फार जड काम आहे, आणि ते करणाऱ्यांनी त्याचं ओझं आपल्याला कधी दिसू दिलं नाही.

तेव्हा एवढंच करा. आपल्या वसईपासून उत्तनपर्यंत कितीतरी घरांत माळ्यावर एखादं जुनं ट्रम्पेट किंवा व्हायोलिन पडलेलं असेल. ते कुणाचं, तो माणूस कुठे वाजवायचा, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. नाव, गाव, साल. पडद्यावर आलं नाही ते निदान वहीत तरी येऊ दे.