केंटकी ३१ : टिकाऊ गवताचा हिशेब

घोड्यांच्या कुरणात कोणतं बी पेरायचं, हा प्रश्न अमेरिकेतल्या केंटकी राज्याला फारसा कधी पडला नव्हता. लेक्सिंग्टनभोवतीच्या चुनखडीच्या जमिनीत युरोपातून आलेलं ब्लूग्रास चांगलं रुजलं होतं. जमिनीखालून फुटवे काढत ते दाट पसरतं, घोड्याने बुडख्यापर्यंत कुरतडलं तरी पुन्हा वर येतं. मात्र कडक उन्हाळ्यात ते मरगळतं आणि डोंगरउतारावरच्या निकस जमिनीत त्याचा निभाव लागत नाही. १९३१ साली केंटकी विद्यापीठाचे कृषितज्ज्ञ ई. एन. फर्गस काकवीच्या एका स्पर्धेचे परीक्षक म्हणून मेनिफी परगण्यात गेले, तेव्हा सुटर यांच्या शेतातल्या उतारावर त्यांना उंच फेस्क्यू गवत जोमाने वाढलेलं दिसलं. त्याचं बी त्यांनी विद्यापीठात आणलं. १९४३ मध्ये ‘केंटकी ३१’ या नावाने ते वाण प्रसारित झालं आणि पुढच्या काही दशकांत आग्नेय अमेरिकेतल्या कोट्यवधी एकरांवर पसरलं.

या यशात खोटं काही नव्हतं. उताराची धूप थांबली, कापूस आणि तंबाखूने खंगलेल्या रानांवर हिरवं आच्छादन आलं, चराईचे महिने वाढले. पण हे गवत खाणाऱ्या गुरांचं वजन उन्हाळ्यात वाढेना, थंडीत काहींचे खूर आणि शेपटीचे शेंडे सडू लागले. गाभण घोड्यांचं दुखणं याहून गंभीर होतं. दिवस भरून गेले तरी घोडी विईना. व्याली तर वार जाड झालेली, शिंगरू आकाराने मोठं पण अशक्त, आणि कास कोरडी. जन्मानंतरच्या पहिल्या तासांत चीक मिळाला नाही तर शिंगराला रोगांशी झुंजण्याची ताकदच येत नाही.

याचा उलगडा १९७७ मध्ये झाला. चार्ल्स बेकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या गवताच्या पेशींच्या मधल्या जागेत एक बुरशी राहते. पान वरून निरोगीच दिसतं. बुरशीने तयार केलेल्या अर्गोव्हॅलीनमुळे दूध उतरवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दबतं. ही बुरशी एका रोपातून शेजारच्या रोपात जात नाही, ती बियांतूनच पुढच्या पिढीत जाते. म्हणजे शेतकऱ्याने विष पेरलं ते बी पेरतानाच. आणि कीड, दुष्काळ, अतिचराई सोसण्याचं बळही या गवताला बरंचसं त्याच बुरशीकडून मिळत होतं. ज्या गुणावर भाळून वाण निवडलं, त्याच गुणाच्या मुळाशी दोष होता. म्हणून माझं म्हणणं असं, की गवत किती टिकतं हा बियाण्याच्या निवडीचा निम्माच निकष आहे. ते कोणाच्या पोटात जाणार, हा उरलेला निम्मा.

यावर कोणी म्हणेल, बुरशी डोळ्यांना दिसतच नव्हती, मग १९४३ च्या शास्त्रज्ञांना बोल कसा लावायचा? तो लावूही नये. पण उत्पादनाच्या आणि टिकाऊपणाच्या चाचण्यांइतकंच वजन गाभण जनावरांवरच्या परिणामाला दिलं असतं, तर इशारा लवकर मिळाला असता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : १९८० च्या दशकात बुरशीमुक्त वाणं आली, पण ती दुष्काळात आणि दाट चराईत विरळ होत गेली, मग शुद्धतेचा उपयोग काय? याचं उत्तर न्यूझीलंडच्या संशोधकांनी दिलं. गवताला बळ देणारे, पण अर्गोव्हॅलीन न बनवणारे बुरशीचे प्रकार त्यांनी शोधले आणि २००० च्या सुमारास अशी वाणं अमेरिकेच्या बाजारात आली. घोडी विण्याआधी दोन-तीन महिने दुसऱ्या कुरणात हलवावी, हा तिसरा मार्ग उपयोगी खरा. पण ते दुसरं कुरणही कोणीतरी विचारपूर्वक पेरलेलं असावं लागतं.

तशी पेरणी कष्टाची आहे. जुनं फेस्क्यू फुलोऱ्यावर येण्याआधी कापायचं, मग मुळासकट मारायचं, नाहीतर त्याचंच बी पुन्हा उगवतं. केंटकीत ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बी अर्ध्या इंचाहून खोल जाऊ न देता पेरतात. ब्लूग्रासचं बी इतकं बारीक, की किलोभरात चाळीस लाखांहून अधिक दाणे भरतात. थोडं खोल गेलं तरी कोंब वर येत नाही. खर्च होतो आणि एक हंगाम चराई बंद ठेवावी लागते. तरीही हा खर्च टाळू नये. कुरण एकदा धरलं की अनेक वर्षं तेच राहतं आणि पेरणीच्या वेळी केलेली निवड प्रत्येक शिंगराच्या वाट्याला येते.